बारावा प्रश्न

धारवाडच्या दवाखान्यातला फॉर्म कानडीत होता.
मला कानडी बोलता येतं, भांडता येतं,
उद्यमबागच्या फौंड्रीत एकतीस वर्षं कानडीतच हजेरी लागली माझी,
पण अक्षर लागत नाही. आकडे तेवढे येतात,
बसच्या पाट्यांवरून उचललेले.

म्हणून तूच वाचलास, वैजू.
ज्याला दाखल करायचं, त्यानंच.
हात लटलटत होता, कागद टेबलावर दाबून धरला होतास.
एक ओळ कानडीत वाचायचास, मग मराठीत मला सांगायचास,
मान खाली, मास्तरांनी बाकावर उभं केल्यासारखा.

कधीपासून घेतो?
"दोन वर्षं लिहू?"
तुला ठाऊक, मी म्हटलं.
थांबलास. साडेतीन लिहिलंस.

घरात चोरी केली आहे का?
मी खिडकीबाहेर बघितलं. एक बाई दोरीवर
हिरव्या चादरी वाळत घालत होती.
"आईची बोरमाळ," म्हणालास. "आणि तुमचा व्हर्नियर."
व्हर्नियरचं मला माहीत नव्हतं.
मी बसाप्पावर आळ घेतला होता.
वर्ष झालं, शेजारच्या टेबलावर तो पॅटर्न घासतोय
आणि आम्ही बोलत नाही.

कुणावर हात उचलला आहे का?
"नाही."
"मी उचललोय की," मी म्हटलं. "त्याला जागा हाय काय बघ फॉर्मात."
जागा नव्हती.

अकरानंतर तू तेरा वाचलास.
आकडे येतात मला.
बोललो नाही.

रविवारी भेटायला सोडायचे.
येळ्ळूरहून पहिली बस, मांडीवर डबा,
कित्तूर आलं की तुझी आई पदरानं डब्याचं झाकण पुसायची, उगीच.
दारावरचा माणूस भाकरी मोडून बघायचा, आत पुडी आहे का.
तिसऱ्या रविवारपासून ती भाकरी
घरूनच मोडून बांधायला लागली.
डेअरीवर विचारलं कुणी, तर सांगायचो, पुण्याला लागलाय.
दूध ओतून घेईपर्यंत पुरायचं तेवढं खोटं.

पाच महिने बरा होतास.
मग एका मंगळवारी जेवताना तुझं नाक वाहायला लागलं
आणि तुझ्या आईनं हातातला घास ताटात ठेवला.

पाव्हणे म्हणाले, फसलेलं ओतकाम परत भट्टीत घालता नव्हे तुम्ही,
तसंच समजा.
काय सांगणार त्यांना.
बीड वितळताना आईला हाक मारत नाही.

दुसऱ्या खेपेला तेच टेबल, तोच फॉर्म.
या वेळी अकरापाशी थांबलास.
पेनचं टोपण लावलंस, काढलंस.
"बारा," म्हणालास.
"घरचे परत न्यायला तयार आहेत काय?"

एवढंच होतं होय ते.
मी सहा-सात महिने रात्री त्या मोकळ्या जागेत
काय काय भरून बघितलं होतं.

"काय लिहू?"
"हौदु लिही," मी म्हटलं,
कानडीतच. मराठीत आलं असतं तर
गळा धरला असता त्यानं.
तू लिहिलंस. मी वाकून बघितलं कसं दिसतं ते.
दोन अक्षरं. पहिलं जरा वाकडं आलं होतं.

बसाप्पाकडे गेलो परवा. तूही आलास, न सांगता मागं बसलास गाडीवर.
त्यानं चहा टाकला. साखर कमी आहे म्हणाला,
दुसरं काही म्हणाला नाही.

किती दिवस झाले ते तुझी आई मोजते, मी मोजत नाही.
मी रात्री उठून खुंटीवरच्या तुझ्या शर्टाच्या
खिशात हात घालतो. तुला कळतं ते.
आता शर्ट टांगतोस तोच
खिसे उलटे काढून.

मी ते परत आत घालतो.
शिवण तेवढी आधी चाचपून.